जन्मजात प्रतिरक्षा-न्यूनता

जन्मजात प्रतिरक्षा-न्यूनता म्हणजे जनुकातील दोषामुळे शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेचा एखादा घटक जन्मापासूनच नसणे, अपुरा असणे किंवा त्याच्यावर नियंत्रण नसणे. हा एक रोग नसून विकारांचा मोठा समूह आहे. त्यांतील ५०० हून अधिक विकारांची वर्गवारी आजवर झाली असून बहुतेकांमागचे सदोष जनुकही माहीत झाले आहे. एचआयव्हीचा संसर्ग, कुपोषण किंवा कर्करोगावरील औषधे यांमुळे नंतर उद्भवणाऱ्या न्यूनतेला संपादित प्रतिरक्षा-न्यूनता म्हणतात. तिचा विचार या लेखात केलेला नाही.

या समूहातील एकेक विकार दुर्मीळ असला तरी त्यांचे शास्त्रीय महत्त्व मोठे आहे. रक्तातील कोणती पेशी कोणते काम करते, याचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी अशा रुग्णांच्या अभ्यासातून मिळाले. उलट प्राण्यांवरील प्रयोगांतून पेशींचे वंश उलगडत गेले, तसतसे या बालकांच्या मृत्यूचे कारणही समजत गेले.

संज्ञा

मराठीत प्रतिकारशक्ती, रोगप्रतिकारक्षमता आणि प्रतिरक्षा हे तिन्ही शब्द वापरले जातात. 'प्रतिकारशक्ती' या शब्दामुळे ही एकच, कमी-जास्त होणारी शक्ती आहे आणि काढे किंवा चूर्णे घेऊन ती वाढवता येते, असा समज होतो. प्रत्यक्षात ती अनेक प्रकारच्या पेशी आणि त्यांनी निर्माण केलेले पदार्थ यांची श्रमविभागणी आहे. त्यांतील एका पेशीचे काम दुसरीला सहसा करता येत नाही. म्हणून या लेखात 'प्रतिरक्षा' ही संज्ञा वापरली आहे. जनुकातील दोष असल्यास कोणत्याही आहाराने किंवा काढ्याने तो भरून निघत नाही.

पेशींचे प्रकार आणि लागणीचे स्वरूप

रक्तातील पांढऱ्या पेशींचे या विषयापुरते दोन मोठे गट पाडता येतात. पहिला गट भक्षक पेशींचा. या पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात. त्यांपैकी रक्तात सर्वांत जास्त असलेल्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. दुसरा गट लसीका पेशींचा. त्यात बी पेशी, टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी (एनके पेशी) येतात. बी पेशींपासून पुढे प्लाझ्मा पेशी बनतात आणि त्या प्रतिपिंडे तयार करतात. काही टी पेशी विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींना मारतात, काही इतर पेशींना कामाचे संकेत देतात, तर काही प्रतिरक्षेला आवर घालतात.

यांपैकी कोणती पेशी नाही, याचा पहिला अंदाज लागणीच्या स्वरूपावरून येतो. प्रतिपिंडे नसलेल्या बालकाला न्यूमोकॉकससारख्या, बाहेरून कवच असलेल्या जिवाणूंमुळे वारंवार कान फुटणे, सायनसची सूज आणि न्यूमोनिया होतो. हा त्रास साधारणपणे सहाव्या महिन्यानंतर सुरू होतो, कारण तोपर्यंत वारेतून आलेली आईची प्रतिपिंडे बाळाचे रक्षण करीत असतात. टी पेशी नसलेल्या बालकाला पहिल्या काही महिन्यांतच बुरशी, विषाणू आणि एरवी निरुपद्रवी असणारे जंतू ग्रासतात. तोंडात पांढरा थर येतो आणि तो औषधाने हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. भक्षक पेशींच्या दोषात त्वचा, लसीका ग्रंथी आणि यकृत यांत गळवे होतात. अर्थात हे ठोकताळे आहेत. निदान प्रयोगशाळेतच होते.

दोन वंशांचा शोध

१९५२ मध्ये अमेरिकन लष्करातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील आठ वर्षांच्या एका मुलाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच्या रक्तात न्यूमोकॉकसचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असे. विद्युत्‌क्षेत्राच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याचे तंत्र तेव्हा नवे होते. त्या तंत्राने पाहिले असता मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलीनचा पट्टाच आढळला नाही. प्रतिपिंडे याच पट्ट्यात असतात. ब्रुटन यांनी दात्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलीन त्याला टोचण्यास सुरुवात केली आणि लागणींना आळा बसला. एखाद्या प्रतिरक्षा-न्यूनतेची नेमकी उणीव ओळखून ती भरून काढल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते. ही प्रथिने बनवणारी पेशी कोणती, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास कोंबडी कारणीभूत ठरली. पक्ष्यांच्या गुदमार्गालगत एक लहान पिशवी असते. पाडुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी केलेले तिचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सव्वातीनशेहून अधिक वर्षे तिचे कार्य अज्ञात राहिले. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक या पिशवीचा अभ्यास करीत होते. त्यांचे सहकारी टिमोथी चँग यांना प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. ग्लिक यांनी पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्या त्यांना दिल्या आणि त्यांच्यात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. 'सायन्स' या नियतकालिकाने हा निबंध नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला आणि वैद्यकशास्त्राचे त्याकडे काही वर्षे लक्षच गेले नाही.

छातीच्या मधल्या हाडामागे असणाऱ्या यौवनलोपी ग्रंथीचेही असेच झाले. बालपणी मोठी असणारी आणि वयात आल्यावर आक्रसत जाणारी ही ग्रंथी निरुपयोगी अवशेष समजली जाई. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली. त्या उंदरांत लसीका पेशी अत्यल्प राहिल्या, ते संसर्गांना बळी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराची त्वचा रोपली तरी ती नाकारण्याची क्षमता त्यांच्यात उरली नाही.

हे दोन धागे १९६५ मध्ये एकत्र आले. मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्या प्रयोगशाळेत मॅक्स कूपर या बालरोगतज्ज्ञाने नुकत्याच उबवलेल्या पिलांपैकी काहींची पिशवी आणि काहींची यौवनलोपी ग्रंथी काढली. आधीच तयार झालेल्या पेशी शिल्लक राहू नयेत म्हणून त्यांना किरणोत्साराचा मारा दिला. पिशवी काढलेल्या पिलांत प्लाझ्मा पेशी आणि प्रतिपिंडे नव्हती, पण रोपलेली त्वचा ती नाकारू शकत होती. यौवनलोपी ग्रंथी काढलेल्या पिलांत प्लाझ्मा पेशी होत्या, मात्र त्वचा नाकारण्याची क्षमता खालावली होती. म्हणजे लसीका पेशींचे वंश दोन आहेत. त्या पिशवीच्या (बर्सा) आणि त्या ग्रंथीच्या (थायमस) पाश्चात्त्य नावांच्या आद्याक्षरांवरून पुढे 'बी' आणि 'टी' ही नावे रूढ झाली. माणसाला अशी पिशवी नसते. त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

त्याच वर्षी या प्रयोगांवरील एका चर्चेत फिलाडेल्फियाचे अँजेलो डिजॉर्ज यांनी यौवनलोपी ग्रंथीच नसलेल्या बालकांची माहिती दिली. त्यांची प्रतिपिंडे शाबूत होती. ब्रुटन यांच्या रुग्णाला पिशवी काढलेल्या कोंबडीची स्थिती लागू पडत होती, तर डिजॉर्ज यांच्या रुग्णांना ग्रंथी काढलेल्या पिलाची. डिजॉर्ज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात बहुतेक रुग्णांच्या २२ व्या गुणसूत्राचा लहान तुकडा गळालेला असतो, हे नंतर कळले.

ब्रुटन यांचा विकार

हा विकार जवळजवळ नेहमी मुलांनाच होतो, कारण सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असल्याने एक सदोष असले तरी दुसऱ्याने काम भागते. मात्र ती वाहक राहते आणि तिच्या प्रत्येक मुलाला हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते.

दोष बी पेशीतच आहे की तिला मदत करणाऱ्या दुसऱ्या पेशीत, या प्रश्नाचा उलगडा वाहक स्त्रियांच्या रक्तातून झाला. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते. कोणते, हे पेशीगणिक यदृच्छेने ठरते. वाहक मातांच्या टी पेशींत आणि न्यूट्रोफिलमध्ये दोन्ही प्रकार आढळले. बी पेशींत मात्र फक्त निर्दोष एक्स कार्यरत असलेल्या पेशी होत्या. सदोष गुणसूत्र वापरणारी बी पेशी वाढूच शकली नव्हती. अर्थात दोष बी पेशीच्या आतच होता. रुग्णाला हातही न लावता, निरोगी आईच्या रक्तावरून काढलेला हा निष्कर्ष या क्षेत्रातील सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक म्हणावा लागेल.

१९९३ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे ते जनुक शोधले. त्यापासून बनणाऱ्या एंझाइमला ब्रुटन यांचे नाव देण्यात आले असून ते 'बीटीके' या संक्षेपाने ओळखले जाते. अस्थिमज्जेत वाढणाऱ्या बी पेशीला पुढच्या टप्प्यावर जाण्याचा संकेत याच्यामार्फत मिळतो. तो न मिळाल्याने पेशी अपरिपक्व अवस्थेतच मरते. टॉन्सिल बहुतांशी बी पेशींचेच बनलेले असल्याने अशा मुलाच्या घशात ते जवळजवळ दिसतच नाहीत. विजेरी आणि चमचा यांच्या साहाय्याने मिळणारी ही खूण कोणत्याही खेड्यातील डॉक्टरला तपासता येते.

या ज्ञानाचा उपयोग अनपेक्षित दिशेनेही झाला. बीटीके नसल्यास बी पेशी जगत नाहीत, तर बी पेशींच्या कर्करोगात हे एंझाइम मुद्दाम बंद पाडावे, या विचारातून आयब्रुटिनिब हे औषध तयार झाले. अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

तीव्र संयुक्त प्रतिरक्षा-न्यूनता

या समूहातील सर्वांत गंभीर विकार म्हणजे तीव्र संयुक्त प्रतिरक्षा-न्यूनता. यात टी पेशी जवळजवळ नसतात. बी पेशी असल्या तरी टी पेशींच्या संकेतांवाचून त्या निष्प्रभ राहतात, म्हणून 'संयुक्त'. उपचारांअभावी बहुतेक बालके पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टन येथे असा एक मुलगा जन्मापासून प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात बारा वर्षे वाढवला गेला. त्याच्या छायाचित्रांमुळे हा विकार जगभर परिचित झाला.

एकाच नावाखाली येथे अनेक विकार आहेत आणि कोणत्या पेशी उरल्या आहेत यावरून ते वेगळे करता येतात. एक्स गुणसूत्राशी निगडित प्रकारात टी आणि एनके पेशी नसतात, बी पेशी असतात. त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले, तेव्हा ते इंटरल्यूकिन-२ या संकेतप्रथिनाच्या ग्राहीचा एक भाग बनवते, एवढेच माहीत होते. पण येथे एक कोडे होते. इंटरल्यूकिन-२ नसलेल्या उंदरांत टी पेशी व्यवस्थित तयार होत होत्या. मग त्याच्या ग्राहीचा एक भाग नसल्याने माणसाच्या टी पेशी मुळापासून का नाहीशा व्हाव्यात? उत्तर असे निघाले की, तो भाग एकट्या इंटरल्यूकिन-२ चा नसून ४, ७, ९, १५ आणि २१ या क्रमांकांच्या इंटरल्यूकिनांच्या ग्राहींतही सामाईक आहे. त्यांपैकी ७ क्रमांकाचे टी पेशींच्या वाढीस आणि १५ क्रमांकाचे एनके पेशींच्या वाढीस आवश्यक असते. पुढे केवळ इंटरल्यूकिन-७ च्या ग्राहीत दोष असलेली बालके आढळली. त्यांच्यात टी पेशी नव्हत्या, पण एनके पेशी होत्या. अनुमानाला याहून स्वच्छ पुष्टी मिळणे कठीण.

दुसऱ्या प्रकारात टी आणि बी या दोन्ही पेशी नसतात, एनके पेशी मात्र असतात. टी आणि बी पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींची अमाप विविधता जनुकांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडल्याने निर्माण होते. ही जुळणी दाखवून दिल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कापण्याचे काम आरएजी-१ आणि आरएजी-२ ही प्रथिने करतात. त्यांचा अभाव असल्यास ग्राही बनत नाही आणि ग्राहीवाचून पेशी टिकत नाही. एनके पेशींना अशा जुळणीची गरज नसते, म्हणून त्या वाचतात. याच जनुकांत अर्धवट दोष असेल, तर मोजक्या टी पेशी तयार होतात, बेसुमार वाढतात आणि बालकाच्या स्वतःच्या त्वचेवर व आतड्यांवर हल्ला करतात. या स्थितीला ओमेन लक्षणसमूह म्हणतात.

ॲडेनोसिन डीअमिनेज (एडीए) या एंझाइमचा अभाव असलेल्या तिसऱ्या प्रकारात तिन्ही पेशी नष्ट होतात. हा दोष १९७२ मध्ये एलोइझ गिब्लेट यांना आढळला. येथे पेशींची घडण बिघडलेली नसते. विघटन न झालेले विषारी द्रव्य साचून लसीका पेशी मरतात.

भक्षक पेशींचे दोष

चिरकारी कणिकार्बुदी रोगात न्यूट्रोफिल भरपूर असतात, जंतूंपर्यंत पोहोचतात, त्यांना गिळतातही. मारू मात्र शकत नाहीत. गिळलेल्या जंतूवर सोडण्यासाठी ऑक्सिजनपासून तीव्र क्रियाशील द्रव्ये बनवणारे एंझाइम निकामी असते. स्टॅफिलोकॉकस जिवाणू आणि ॲस्परजिलस बुरशी हे अशा रुग्णांचे मुख्य शत्रू होत.

श्वेतपेशी-आसंजन न्यूनतेत अडचण वेगळीच असते. रक्तप्रवाहातील न्यूट्रोफिल आधी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर घरंगळते, मग घट्ट चिकटते आणि नंतर बाहेर पडून जखमेकडे जाते. पहिल्या प्रकारात चिकटण्याचे प्रथिन नसते. परिणामी रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या फार वाढलेली असूनही जखमेत पू होत नाही आणि बाळाची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही.

१९९२ मध्ये वर्णन झालेल्या दुसऱ्या प्रकाराचा धागा मुंबईशी जुळतो. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे रक्तगट' शोधला. या गटाच्या लाल पेशींवर एच हा प्रतिजन नसतो. या प्रतिजनाचा आवश्यक घटक म्हणजे फ्यूकोज ही शर्करा. आसंजन न्यूनतेच्या दुसऱ्या प्रकारातील बालकांचा रक्तगट बॉम्बे निघाला आणि तीच किल्ली ठरली. न्यूट्रोफिलला भिंतीवर घरंगळण्यासाठी लागणाऱ्या रेणूतही फ्यूकोज असते. या बालकांच्या पेशींत फ्यूकोज योग्य जागी वाहून नेणारे प्रथिनच सदोष असल्याने दोन्ही रेणू अपुरे राहत होते. नेहमीच्या बॉम्बे रक्तगटात मात्र फक्त एच प्रतिजन घडवणारे एंझाइम नसते. त्या व्यक्तींची प्रतिरक्षा उत्तम असते. त्यांना अडचण येते ती रक्त मिळवताना.

नियंत्रक पेशी

प्रतिरक्षेचा दोष म्हणजे नेहमी दुबळेपणाच, असे नाही. एका दुर्मीळ विकारात मुलग्यांना बाल्यावस्थेतच मधुमेह, असाध्य जुलाब आणि इसब होतो, कारण त्यांची प्रतिरक्षा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. २००१ मध्ये याचे मूळ फॉक्सपी३ या जनुकात सापडले. अशाच लक्षणांच्या उंदरांतील सदोष जनुकही हेच निघाले. इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी या जनुकावाचून घडत नाहीत. या कार्यासाठी मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

निदान

पहिली खूण साध्या रक्ततपासणीत मिळू शकते. मात्र अहवाल नीट वाचावा लागतो. तान्ह्या बाळाच्या रक्तात लसीका पेशी प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात. दर घन मिलिमीटरला १,५०० ही संख्या प्रौढात सामान्य गणली जाते, पण तान्ह्या बाळात ती धोक्याची सूचना असते. अहवालात अनेकदा केवळ टक्केवारी ठळक असते आणि प्रत्यक्ष संख्या काढलीच जात नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात यौवनलोपी ग्रंथीची सावली न दिसणे हीदेखील महत्त्वाची खूण आहे. पुढची तपासणी फ्लो सायटोमेट्री या तंत्राने होते. त्यात टी, बी आणि एनके पेशी वेगवेगळ्या मोजता येतात. अखेरीस जनुकाची तपासणी केली जाते.

टी पेशी घडताना जनुकांचे जे तुकडे कापले जातात, त्यांपासून डीएनएची लहान वर्तुळे बनतात. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही वर्तुळे नसली, तर नव्या टी पेशी बनत नाहीत, असे समजते. या तत्त्वावर २००८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सर्व नवजात बालकांची चाचणी सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ती त्या देशातील सर्व राज्यांत पोहोचली. तेथील सुमारे ३० लाख बालकांच्या तपासणीवरून तीव्र संयुक्त न्यूनतेचे प्रमाण ५८,००० जन्मांमागे एक असे आढळले.

उपचार

कोणती पेशी सदोष आहे यावर उपचार ठरतो. केवळ प्रतिपिंडे नसतील, तर ती दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून दिली जातात, कारण दिलेली प्रतिपिंडे सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात. हा उपचार जन्मभर चालतो आणि औषधाची एकेक खेप हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते.

टी पेशीच नसतील, तर त्या घडवणारी मूळ पेशी बदलावी लागते. असे पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण १९६८ मध्ये मिनेसोटात गुड यांच्या गटाने केले. दाता त्या बालकाचे भावंड होते. येथे वेळेला अतिशय महत्त्व आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत, साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बालकांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर हयात होती.

दाता न मिळाल्यास रुग्णाच्याच पेशींत निर्दोष जनुक घालण्याचा मार्ग उरतो. एडीए-न्यूनतेवर तो प्रथम १९९० मध्ये अमेरिकेत वापरला गेला. एक्स गुणसूत्राशी निगडित प्रकारावरील पॅरिसच्या प्रयोगांत प्रारंभी उत्तम यश आले, पण घातलेले जनुक पेशीवाढीच्या दुसऱ्या जनुकाजवळ जाऊन बसल्याने काही बालकांना रक्ताचा कर्करोग झाला. त्यानंतर जनुक वाहून नेणारे विषाणू नव्याने घडवले गेले.

भारतातील स्थिती

भारतात बीसीजीची लस जन्मानंतर लगेच टोचली जाते. तिच्यात क्षीण केलेले, पण जिवंत जिवाणू असतात. निरोगी बाळाला ती आवश्यक आणि सुरक्षित आहे. टी पेशी नसलेल्या किंवा भक्षक पेशी सदोष असलेल्या बालकात मात्र हेच जिवाणू सर्व शरीरात पसरू शकतात. म्हणून घरात आधीचे मूल तान्हेपणी लागणींनी दगावले असेल, तर पुढच्या बाळाच्या जन्मापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगणे आणि तपासणी होईपर्यंत बीसीजी, तोंडावाटे द्यावयाची पोलिओ व रोटाव्हायरसची लस लांबणीवर टाकणे इष्ट मानले जाते. अशा बाळाला रक्त द्यावे लागल्यास ते किरणोत्सार दिलेले असावे लागते. अन्यथा दात्याच्या टी पेशी बाळावर हल्ला करतात. 'बाळ न्यूमोनियाने गेले' एवढीच नोंद कुटुंबाच्या स्मरणात राहते आणि दुसरे मूलही त्याच वाटेने जाते, असे अनेक घरांत घडलेले आहे.

यांतील पुष्कळ विकार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच प्रकट होतात. महाराष्ट्रात आणि दक्षिण भारतात काही समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा जवळच्या नात्यातील विवाहांत तेच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो.

पेशींच्या विशेष तपासण्या मोजक्या केंद्रांत होतात. त्यांत मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आणि चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था या प्रमुख आहेत. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगविषयक राष्ट्रीय धोरणात तीव्र संयुक्त प्रतिरक्षा-न्यूनता आणि चिरकारी कणिकार्बुदी रोग यांचा समावेश एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या रोगांच्या पहिल्या गटात केलेला आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.